शीग

बेळगावात गणपत गल्लीच्या तोंडाशी फुलं घेऊन बसणाऱ्या अक्काचा हात आखूड आहे. हे माझं मत नाही. वर्षानुवर्षं तिच्याकडून गजरे घेणाऱ्या बायका असं म्हणतात, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा तिच्याच बुट्टीपुढं उभ्या राहतात.

परवा माझ्या पुढं एक बाई होत्या. "एष्ट मोळ बेक्री?" अक्कानं विचारलं. बाईंनी दोन मोळ अबोली मागितली. मोळ म्हणजे आपला हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या शेंड्यापर्यंत. अक्कानं माळेचं टोक चिमटीत धरलं, कोपराला वळसा दिला, एकदा, दोनदा. बाई बघत होत्या. म्हणाल्या, "अक्का, तुझा हात वर्षावर्षाला आखूड होऊलालाय बघ. माझ्या हातानं मोज की."

अक्का मान वर न करता म्हणाली, "तुझ्या हातानं मोजायचं तर फुलं पण तुझीच आण." आणि दातानं दोरा तोडला. तोडताना मात्र कोपरापाशी तोडला नाही, चार बोटं पुढं सोडून तोडला. या वरच्या चार बोटांना कन्नडात कोसरु म्हणतात. खरं तर ते मागून घ्यायचं असतं. अक्का न मागता देते, आणि मागितलं की देत नाही.

मीही दोन मोळ घेतली आणि घरी येऊन टेप लावला. कोसरु धरून ८७ सेंटिमीटर. माझ्या स्वतःच्या हातानं दोन हात ८९ भरतात. म्हणजे वरची चार बोटं धरूनही मी दोन सेंटिमीटरनं फसले होते, पण गल्लीच्या तोंडाशी उभी असताना तसं काही वाटलं नव्हतं. टेप लावल्यावरच वाटलं.

अंगानं मोजायची ही सगळी मापं जुन्या हिशेबात एकमेकांत बसवलेली आहेत. चार अंगुळांची मूठ, बारा अंगुळांची वीत, चोवीस अंगुळांचा हात. कन्नडात वितीला गेणु म्हणतात, आणि दोन्ही हात पसरून जी वाव होते तिला मारु. आमच्या गावची विहीर अजून परसातच सांगतात. परस म्हणजे पुरुष, हात वर करून उभा राहिलेला माणूस. सहा परस विहीर म्हटलं की एकावर एक सहा माणसं हात वर करून उभी दिसायची, आणि लहानपणी मला त्यातल्या तळातल्या माणसाची फार काळजी वाटायची.

अंगाच्या मापाची सोय अशी की ते घरी विसरत नाही. पण सारा वसूल करायचा म्हटला की हात कोणाचा, हा प्रश्न येतोच. शिवकाळात जमीन मोजायची काठी ठरवली ती पाच हात पाच मुठींची. तेवढ्यावर भागलं नाही. हात चौदा तसूंचा असावा आणि काठी एकूण ८२ तसूंची भरावी, असंही ठरवून टाकलं. तसू म्हणजे इंचासारखं एक लहान माप. चौदा पाचे सत्तर, उरले बारा तसू, ते पाच मुठींना. म्हणजे एक मूठ दोन तसूंहून थोडी मोठी. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. मला त्या बारा तसूंचं फार कौतुक आहे. पाच मुठींना बारा हा आकडा कागदावर नीट बसतच नाही. कोणीतरी खरोखरच पाच वेळा मूठ ठेवून बघितली असणार.

बेळगावच्या पश्चिम भागात आमचं गाव. भाताचं रान, लाल माती, पाऊस लागला की चार महिने ओल्या धोतरांचा वास. घरात देवाच्या खोलीला लागून एक कोनाडा होता, त्यात मापं असायची. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं: निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर. पायली मोठी, ती खाली जमिनीवर, पालथी. पेरणीच्या तोंडावर भात न्यायला माणसं यायची तेव्हा ती उलथी व्हायची. पत्र्याची होती, वर आणि खाली पितळेची कडी, मधे कमरेत थोडी आवळलेली.

आज्जी आम्हाला पाढे म्हणायला लावत नसे, हे म्हणायला लावायची. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. सगळं दुपटीत. याचं कारण मला फार उशिरा कळलं, आणि तेही एका लग्नघरात दोन लहान पोरांना लाडू वाटून घेताना बघून. एकानं लाडू मोडला, दुसऱ्यानं अर्धा उचलला. निम्मं करायला आकडे यावे लागत नाहीत. डोळ्यांनी दोन ढीग सारखे करता येतात, त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. सोळा आण्यांचा रुपया आणि सोळा छटाकांचा शेर याच जातीचे. दहाचे दोन भाग केले की पाच येतात आणि पुढच्या भागाला भांडण लागतं.

पायलीच्या वर गेलं की मात्र ही शिस्त मोडते. बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. त्यातून वजनाचा मण वेगळा, तो चाळीस शेरांचा. मापाचा मण बारा पायल्यांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस शेरांचा. पुन्हा वजनाचा शेर आणि मापाचा शेर या दोन वेगळ्या वस्तू. वजनाच्या शेरातही पक्का आणि कच्चा. खंडीचा वीस मात्र हद्दीपलीकडंही वीसच. कन्नड मुलखात वीस कोळगांचा एक खंडुग. आज्जीला विचारलं, एवढा गोंधळ कशाला, तर म्हणायची, "ज्याला कळतंय त्याला गोंधळ न्हाई, आणि ज्याला कळत न्हाई त्याच्यासाठीच तर केलाय."

मळणी झाली की खळ्यावर भात मोजायचं काम एकाच म्हाताऱ्याचं. त्याला सगळे मामा म्हणायचे. पहिली पायली भरून ओतताना तो 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणायचा. लाभ, लाभ, लाभ, असं पायली पुन्हा भरेपर्यंत म्हणत राहायचं, मग दोन, दोन, दोन. आकडा तोंडातून सुटू द्यायचा नाही, नाहीतर चुकतो. मधे कोणी बोललं तर मामा हातानं गप्प बसवायचा. वीस झाले की शेजारी पाटीत एक मूठ भात ठेवायचा आणि पुन्हा लाभपासून सुरू. शेवटी पाटीतल्या मुठी मोजल्या की झालं. ती पाटी आमच्या घरची पहिली हिशेबाची वही असावी, आणि तिच्यात खाडाखोड करता येत नसे. फक्त कोंबड्यांपासून सांभाळावी लागे.

आता शीग. माप काठोकाठ भरून वरून हात फिरवला की ते सपाट. हात न फिरवता, धान्य आपल्या अंगानं जेवढं वर टिकेल तेवढं टिकू दिलं की काठाच्या वर जो डोंगर होतो ती शीग. 'उत्सुकता शिगेला पोचली' असं आपण रोज वाचतो, ती हीच शीग. तिच्या पुढं एक दाणा टाकला की तो घरंगळतो. कोणत्या धान्याची शीग किती उंच होईल हे त्या धान्यावर असतं. भाताला कूस असते, तो एकमेकांना धरून राहतो, त्याचा डोंगर उभा होतो. मोहरी धरून राहत नाही, पसरते.

यातली गंमत काठाखालच्या भांड्यात नाही, तोंडात आहे. दोन मापं घ्या. सपाट भरली की दोन्हीत अगदी सारखं धान्य. पण एक उंच आणि निमुळतं, दुसरं बुटकं आणि पसरट. आता दोन्ही शिगेनं भरा. पसरट भांड्याची शीग रुंदही होते आणि उंचही होते, त्यामुळं तोंड दुप्पट रुंद केलं तर शीग दुप्पट नाही, आठपट होते. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही पायल्याच. कोणी सपाट मोजून तपासलं तरी दोन्ही खऱ्याच.

आज्जी एका घराची गोष्ट सांगायची, ज्या घरात दोन पायल्या होत्या. एक द्यायची, एक घ्यायची. पेरणीला बी नाही म्हणून कोणी आलं की देताना अरुंद तोंडाची पायली, तीही हात फिरवून. मळणीनंतर वाढीदिढीनं परत घ्यायचं, म्हणजे एकीला दीड, आणि घेताना रुंद तोंडाची, शिगेनं. दीडपट लोकांसमोर ठरलेली असायची, तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. वरची शीग कुठल्याच बोलीत नसायची. देणाऱ्या घरातली बाई खळ्यावर आलेल्या बायकांना ताक द्यायची, आणि बायका ताक पिताना पायलीकडं बघायच्या, आणि ती बाई जमिनीकडं. घर कोणाचं, ते आज्जी सांगत नसे. "होतं एक," म्हणायची आणि भाकरी थापायला लागायची.

म्हणूनच मला जुन्या मापांबद्दल गहिवरून बोलणारी माणसं फारशी सहन होत नाहीत. पायलीचे पंधरा आणि अधोलीचे सोळा असं आपण हसून म्हणतो, पण अधोलीत, म्हणजे अर्ध्या पायलीत, सोळा बसतात आणि पायलीत पंधरा, हे त्या म्हणीतलं गणित ज्याच्या पोटावर आलं त्याला हसू आलं नसणार. किलोचं वजन सगळ्यांना सारखं असतं. त्याला शीग लागत नाही.

आज्जीच्या आयुष्यात तो किलो आला तेव्हा एकटा आला नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याबद्दल गेली सत्तर वर्षं आम्ही जे बोलतोय ते इथं पुन्हा बोलत नाही. त्याच वर्षी वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून नवा पैसा आला, सोळा आण्यांचा रुपया शंभराचा झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं बाजारात यायला लागली आणि १९६२ पर्यंत सगळीकडं सक्तीची झाली. म्हणजे दोन वर्षांच्या आत तिचं राज्य, तिचं नाणं आणि तिचं वजन, तिन्ही बदलली, आणि ती मात्र त्याच चुलीपुढं बसलेली होती.

राज्यापेक्षा तिला नव्या पैशाचा राग जास्त होता. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, आणि पाव पैसा कुठल्याच टाकसाळीत पडत नाही. म्हणून एक आणा म्हणजे सहा पैसे, दोन आणे म्हणजे बारा, पण तीन आणे म्हणजे एकोणीस. एकेक आण्याची कोथिंबीर तीनदा घेतली तर अठरा पैसे, एकदम तीन आण्यांची घेतली तर एकोणीस. हा एक पैसा कुठं गेला, असं ती मरेपर्यंत विचारायची. मी बी.कॉम. झाल्यावर तिला ते समजावून सांगायला गेले. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे गेला ते खरं."

किलोवर मात्र तिचा विश्वास बसला, तोही लगेच. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. किलो म्हणजे एक शेर आणि वर पावणेसहा तोळे. दुकानदारानं शेराच्याच भावात किलो दिला तर आपला फायदा, आणि किलोचा भाव शेराला लावला तर त्याचा. हे तिनं पहिल्या आठवड्यात ताडलं. पुढं तिचा एक नियम झाला, तो तिनं कधी बोलून दाखवला नाही पण घरातल्या सगळ्यांना माहीत होता. विकत आणायचं ते किलोनं. दुसऱ्याला द्यायचं ते शेरानं, आणि शिगेनं. पाटीवर कपडा टाकून कोणी दाराशी आलं तर ती शेर तांदळात खुपसायची, वर काढताना हात अजिबात हलू द्यायची नाही, आणि दोन पावलं अशी चालायची जशी डोक्यावर घागर आहे. वाटेत दाणे सांडले तर परत जाऊन वर घालायची.

बाजारात एकच जिन्नस किलोला शरण गेला नाही, तो म्हणजे चिरमुरे. किलोभर चिरमुरे मागितले तर न्यायला पोतं लागेल. आठवड्याच्या बाजारात चिरमुरेवाला अजून डब्यानंच मोजतो, त्याला शेर म्हणतो, आणि वरून शीग करताना डाव्या हाताचा कोट करतो, म्हणजे आधी वाढते आणि हात काढला की निम्मी घसरते. घसरलेली परत त्याच्याच पोत्यात. पण तो निदान सगळ्यांच्या समोर करतो.

सोन्याचं वेगळंच. आज्जी गेल्यावर तिच्या पाटल्या मोजायला आई आणि काकू शहापुरात सराफाकडं गेल्या. शहापूर आता बेळगावातच आहे, पण १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होतं. म्हणजे आज्जीच्या लग्नात पाटल्या केल्या तेव्हा ते दुसऱ्याच राजाचं गाव. त्या वेळची चिठ्ठी ट्रंकेत होती, तिच्यावर चार तोळे लिहिलेले. सराफानं पाटल्या काट्यावर ठेवल्या आणि म्हणाला, "साडेचारच्या वर आहेत की, काकू."

दोघी गप्प. अर्धशतकभर हातात घासून पाटल्या झिजायच्या, तर यांचं सोनं वाढलं होतं. काकूला वाटलं आज्जीनं मधे कधीतरी गुपचूप भर घातली असेल. आईला वाटलं सराफाचा काटा बिघडलाय, आणि तो आपल्या बाजूनं बिघडलाय म्हणून आता उठावं. काटा ४६ ग्रॅमच्या थोडं वर दाखवत होता आणि तो बरोबर होता. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, चार तोळे म्हणजे ४६.६५६. थोडं झिजलं होतंच. आजचा सराफ तोळा म्हणतो तो दहा ग्रॅमचा. शब्द तोच ठेवला आणि आतलं पावणेदोन ग्रॅमच्या आसपास सोनं काढून घेतलं, एवढंच.

त्या जुन्या तोळ्याच्या आत गुंजा होत्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे शहाण्णव गुंजा. लाल, डोक्यावर काळा ठिपका असलेलं ते बी आमच्या बांधावर वेलीला लागायचं. कन्नडात गुलगंजी. ते विषारी असतं, म्हणून आज्जी खेळू द्यायची नाही, आणि आम्ही खिशात भरून आणायचो. शंभराच्या आसपास बिया म्हणजे तोळाभर वजन. बिया सगळ्या सारख्या असतात असं म्हणतात, त्या तितक्या सारख्या नसतात. म्हणूनच बहुतेक सराफ गुंजा निवडून ठेवायचे, आणि कोणत्या निवडायच्या ते त्यांच्या हातात. इंग्रजांनी रुपयाचं चांदीचं नाणंच १८० ग्रेनचं, म्हणजे बरोबर तोळ्याचं पाडलं आणि बियांचं काम संपलं. ऐंशी रुपये तागडीत टाकले की पक्का शेर. ज्याच्याकडं ऐंशी रुपये नव्हते त्याला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न आहेच. तोळ्यामाशात मोजायची एकच गोष्ट आता आमच्या घरात उरली आहे, ती म्हणजे काकूची प्रकृती.

जमिनीत गंमत अशी की हद्दीच्या दोन बाजूंना आता दोन भाषा नव्हेत, दोन मापं आहेत. आमच्या उताऱ्यावर अजून एकर, गुंठे, आणे असं लिहून येतं. आज्जीचं माहेर चंदगड तालुक्यात. शिनोळीची हद्द ओलांडली की सातबारा हेक्टर आणि आरमध्ये. तिकडच्या आमच्या मामाच्या सातबाऱ्यावर ० हेक्टर ८८ आर आहे. मामा त्याला अठ्ठ्याऐंशी गुंठे म्हणतो, सगळा गाव म्हणतो. पण आर शंभर चौरस मीटरचा आणि गुंठा १०१.१७ चा. अठ्ठ्याऐंशी आर म्हणजे सत्त्याऐंशी गुंठेच. मी हे मामाला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू तो एक गुंठा मीच विकून आले.

गुंठा हा शब्द आपला वाटतो, पण आजचा त्याचा आकार साखळीतून आला. मुंबई इलाख्यात मोजणीची साखळी ३३ फुटांची होती, विलायतेतल्या गंटरच्या ६६ फुटी साखळीच्या निम्मी. तिचे आपल्याकडं सोळा आणे केले. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. साखळीभर लांब आणि आणाभर रुंद पट्टा म्हणजे एक आणा जमीन, अडुसष्ट चौरस फूट. त्याआधी पूर्वेकडच्या काळ्या रानात जमीन कुरगीनं सांगायचे. एका दिवसात कुरीनं, म्हणजे बैलांच्या पाभरीनं, जेवढं पेरून होतं ती कुरगी. त्यात बैल कोणाचे हे आलंच. माझे वडील आणि काका यांच्यात वाटणी झाली तेव्हा बांधाचा वाद पाच आण्यांवर येऊन अडला होता. पाच आणे म्हणजे ३४० चौरस फूट, एक बरी खोली. दोन वर्षं दोन घरांत एकमेकांचं हळदीकुंकू बंद होतं. शेवटी भूमापक आला, त्यानं मोजलं, आणि वाद तीन आण्यांचाच निघाला.

बाकीची मापं आपापल्या जागी सुखात आहेत. वाळू ब्रासनं येते, शंभर घनफूट. गवंडी बारा मिलिमीटरच्या सळीला चार सुती म्हणतो; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे चार सुती खरी तर १२.७ भरायला हवी. घराला किती खण, असं आम्ही विचारतो आणि शेजारी किती अंकण असं विचारतात, दोघंही दोन खांबांमधली जागाच मोजत असतात. नऊवारीचे मीटर अजून कोणी केले नाहीत. घटका चोवीस मिनिटांची, पण काकू "घटकाभर बस" म्हणाली की जेवूनच निघावं लागतं. आणि बारा कोसांवर भाषा बदलते असं म्हणतात. आमच्या गल्लीत ती एकाच वाक्यात बदलते.

वाटणीत भांडीही वाटली गेली. शेर आमच्याकडं आला, चिपटं आत्यानं नेलं, निळवं-कोळवं कुठं गेलं ते कोणालाच आठवत नाही. पायली गावातच काकांकडं राहिली. गेल्या दिवाळीत गावी जाताना मी शेर पिशवीत घालून नेला. कारण काही नव्हतं. चार शेरांची पायली असं लहानपणी शंभरदा म्हटलं होतं, एकदा ओतून बघावं, एवढंच.

काकूनं सोप्यावर चटई अंथरली. चुलतभावानं पायली आणली, आतलं कोळ्याचं जाळं पुसलं. इंटाणचे तांदूळ घेतले. पहिला शेर मी हात फिरवून सपाट भरला आणि ओतला. भाऊ हसून म्हणाला, "लाभ." दोन, तीन, चार. चार शेर पडले तरी पायली वरून तीन बोटं रिकामी.

"शिगेनं घाल ग," भाऊ म्हणाला. "पूर्वी शिगेनंच घालायचे."

पुन्हा रिकामी केली. या वेळी चारही शेर शिगेनं, आज्जीसारखे, श्वास धरून. पायली काठाला लागली. जेमतेम लागली. मग काकू म्हणाली, पायलीचीपण शीग कर की, तिला का सपाट ठेवतेस. पाचवा शेर भरला. पायलीचं तोंड रुंद, शीग चढतच राहिली. पाचवा शेर निम्म्याच्या वर संपला तेव्हा कुठं पहिला दाणा घरंगळून चटईवर आला.

साडेचार शेर, तेही शिगेचे. भावानं पायली फिरवून बघितली, काठाचं पितळी कडं बोटानं चाचपलं. कुठं ठोकून वाढवलेलं नव्हतं. मुळातच तशी केलेली होती.

मी म्हटलं, "ही पायली चुकीची आहे."

"चुकीची कशी," भाऊ म्हणाला. "हिनंच तर मोजायचे खळ्यावर."

काकू चटईवरचे दाणे वेचत होती. म्हणाली, "आणखी एक होती की. लाकडाची, उंच, अशी अरुंद तोंडाची. माझं लग्न झालं तेव्हा कोनाड्याच्या मागं पडलेली असायची. सासूबाईंनीच एका पावसात बंबाला घातली." आणि वेचलेले तांदूळ तिनं माझ्या शेरात टाकले.